गवत हाताने उपटलं होतं

"परिसरात लोखंडी अवजाराचा वापर झाल्याचे दिसून येते."

हे एवढं एकच वाक्य. एका कार्यालयातल्या एका साहेबाने खुर्चीत बसून टाइप केलेलं. त्या वाक्याने आमच्या गावातल्या एका बाईचा शब्द मातीत गेला आणि साहेब संध्याकाळी वेळेवर घरी गेले असणार. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात, वालावलच्या अलीकडे. इथल्या हायस्कुलात मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीच्या सुमारास एका संशोधन कार्यालयाला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारं एक छोटं यंत्र ठेवायला शांत जागा हवी होती. वीजवाहिन्या नकोत, रेल्वे नको, वर्दळ नको. मी जागा दाखवली. माझ्या ओळखीच्या एका घराची काजूची बाग होती, तिच्या वरच्या अंगाचा एक तुकडा. त्या घरातल्या सुनेला सगळं गाव वयनी म्हणतं, मीही तेच म्हणतो. जागा तिने दिली आणि राखणही तिच्याकडेच आली. वहीत नोंदी ठेवायचं आणि शनिवारी यंत्रातलं कार्ड काढून आकडे आणि त्या नोंदी पाठवायचं काम माझ्याकडे. अकरा वर्षं आम्ही दोघांनी ते यंत्र सांभाळलं.

यंत्र म्हणजे दिसायला काहीच नाही. जमिनीत एक खड्डा, त्यात पुरलेला एक डबा, आणि तिथून एक केबल निघून नळ्यांच्या छपराच्या खोपीत जाते. खोपीला एक खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. फाटक बांबूचं, काथ्याने बांधलेलं. भोवतीचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, जांभ्या चिऱ्यांचा. चिऱ्यात लोह असतं हे मला कुणी शिकवायला नको, पण चिरा जागचा हलत नाही. या यंत्राला त्रास असतो तो हलणाऱ्या लोखंडाचा. कमरेला कोयता लावून माणूस जवळून गेला तरी आलेखावरची रेघ सरकते.

म्हणून तिथे रीत पडली होती. बागेत येणारा गडी कमरेच्या आकडीतला कोयता आधी गडग्यावर ठेवणार. छत्री तिथेच. वयनीचे यजमान स्कूटर रस्त्यावर लावून चालत येणार. वयनी तर केसातले आकडेसुद्धा काढून ठेवायची. मी म्हटलं, एवढ्याने काही होत नाही. ती म्हणाली, "नसात होयत. पण माका बरा वाटता."

आणि गवत. कोकणातलं पावसानंतरचं गवत ज्याने काढलंय त्यालाच ठाऊक. पुरुषभर वाढतं, पात्याला धार असते. ते कोयत्याने सपासप कापायचं, ही सगळ्या जगाची पद्धत. या गडग्याच्या आत मात्र वयनी ते हाताने उपटायची. बसून, मुठीमुठीने, मुळासकट. चतुर्थी झाली की दोन आठवडे तिचं हेच काम. तिच्या बोटांच्या पेरांवर आडवे वण आहेत, ते कुणाही साहेबाला दिसले असते. पाहायचे असते तर.

एवढं जपायचं कशासाठी, हे तिने पहिल्याच वर्षी विचारलं होतं. मी तिला सांगितलं ते असं. सूर्याकडून एक वारा वाहत असतो, हवेचा नाही, विजेने भारलेल्या कणांचा. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला अडवतं. पण मधूनच काहीतरी ताणलं जातं आणि सुटतं, आणि त्या क्षणी तिकडे उत्तर टोकाला आकाशात हिरवे-तांबडे पडदे भडकतात. ध्रुवाकडचा प्रकाश म्हणतात तो हाच. तो भडकला की पृथ्वीचं सगळं चुंबकत्व थरथरतं. विहिरीच्या काठावर दोराला हिसका दिला की खाली कळशी हलते, तसं. ती थरथर दोन-चार मिनिटं टिकते, एकेका हेलकाव्याला मिनिटभर लागतं, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून लहान होत विरून जातो. माणसाला काही कळत नाही. यंत्राला कळतं. काजूच्या बागेत पुरलेल्या डब्यावरून सांगता येतं की आत्ता अलास्कात आकाश पेटलंय.

तिने पदराने हात पुसले. "म्हणजे थंयच्या उजेडाचो हिसको आमच्या मातीक बसता?"

"बसता."

"आणि मी कोयतो नेलंय तर तो हिसको दिसाचो नाय."

एकतीस वर्षांत माझ्या किती विद्यार्थ्यांना एका वाक्यात एवढं समजलं असेल, मी सांगू शकत नाही. पुढे ती शनिवारी मला विचारायचीच, "काय सर, उजेड पडलो काय खंय?" मी आलेख दाखवायचो. तीही ती विरत जाणारी लाट ओळखायला लागली होती.

आता वेळेचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. ही यंत्रं जगभर एकाच घड्याळावर चालतात आणि ते घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले की यंत्रात साडेपाच. आमच्या वहीच्या प्रत्येक पानावर मथळ्यात छापलेलं आहे, वेळ यंत्राची लिहावी. गडग्याच्या आत माणूस कधी गेला, कधी आला, हे त्या वहीत यायचं, म्हणजे त्या वेळेत रेघ हलली तर कार्यालयाने ती सोडून द्यावी. वयनी काम आटोपून मला फोन करायची आणि मी लिहायचो.

तर गेल्या वर्षीच्या चतुर्थीनंतरची गोष्ट. एका शनिवारी मी कार्ड काढलं आणि आकडे पाहिले. अख्खा आठवडा रेघ शांत, आणि एका दिवशी, यंत्राच्या अकरा चाळीसला, अशी सुरेख थरथर की मी जागेवरून उठलो. त्या सुमारास लोकांच्या फोनवर उत्तरेकडच्या लाल आकाशाचे फोटो फिरत होतेच. सूर्य सध्या जोरात आहे. वयनीला दाखवलं, ती म्हणाली, "ह्या मोठा आसा." आम्ही आनंदाने आकडे पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी उत्तर म्हणून अहवाल आला. तो सगळा तास अभिलेखातून वगळला आहे. कारण, वहीतील नोंदीप्रमाणे त्या वेळी आवारात गवत काढण्याचे काम चालू होते. हाताने गवत काढल्यास असा परिणाम संभवत नाही. सबब, परिसरात लोखंडी अवजाराचा वापर झाल्याचे दिसून येते. बाई गवत कापत मागे-पुढे सरकत असणार, म्हणून रेघ मागे-पुढे झाली, असंही एक विद्वत्तापूर्ण वाक्य खाली होतं.

मी कागद तीनदा वाचला. कोयता आत आला तर रेघ एकदम सरकते आणि कोयता गेला की परत येते. ती काही मोजून मिनिटामिनिटाला हेलकावे घेत नाही, आणि प्रत्येक हेलकावा लहान करत नम्रपणे विरून जात नाही. हे शिकाऊ माणसालाही दिसेल. पण आलेखाकडे बघायला वेळ कुणाला आहे? उचलली जीभ लावली टाळ्याला.

कागदावरच राहिलं असतं तरी मी गिळलं असतं. पण पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः पाहणीला आले. जीप आणली ती थेट बागेत, फाटकाला चिकटवून उभी केली. टनभर लोखंड डब्यापासून पंधरा पावलांवर! खिशात किल्ल्यांचा जुडगा, कमरेला पट्ट्याचं बक्कल. वयनी फाटकात उभी होती. तिने गडग्याकडे बोट दाखवलं. "साहेबांनू, चावये हयसर ठेवा."

साहेब हसले. "आम्हाला माहीत आहे हो बाई, काय न्यायचं आणि काय नाही." आणि आत गेले. त्या दिवसाचा आलेख माझ्याकडे आहे. रेघ अशी उडालीय, जणू कुणी धोंडा मारलाय. तो तास कुणी वगळला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

पाहणी झाल्यावर त्यांना देवळात नेलं, कारण पाहुणा आला की आमच्याकडे नेतातच. सभामंडपात सप्ताहाच्या तयारीची बैठक चालू होती. कुठली वाडी कुठल्या प्रहराला भजनाला उभी राहणार ते ठरत होतं. पन्नासेक माणसं. कुणीतरी सहज विचारलं, यंत्र काय म्हणतं. आणि साहेब त्या पन्नास माणसांसमोर बोलले, "यंत्र उत्तम आहे. फक्त तुमच्या बाईंना सांगा, आत कोयता वापरू नका. वापरला तर निदान खरं सांगा."

वयनी तिथेच होती, बायकांमध्ये. ती उठून उभी राहिली. "मी कोयतो नेलंय नाय."

"नोंद तसं सांगते, बाई," साहेब म्हणाले, आणि जीपकडे चालू लागले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय? सांगतो. आमच्या गावात बांधाचे, गडग्याचे तंटे बारा महिने चालतात. जुना फणस कुठे होता, पाणंद कुठून जायची, हे वयनीला तिच्या सासऱ्यांनी दाखवून ठेवलेलं. ती म्हणेल ती हद्द, हे दोन्ही बाजू मानायच्या. तिच्याकडे अधिकार नाही, पद नाही, फक्त ती खोटं बोलत नाही ही खात्री होती. त्याच महिन्यात दोन चुलतभावांचा बांध मोजायचा होता आणि तिला बोलावलं. तिने जागा दाखवली. ज्याच्या विरुद्ध गेलं तो म्हणाला, "यंत्राकडे कोयतो नेल्यान आणि नाय म्हणता. तिचो शब्द खंय धरतास?" आणि दुसरा गप्प राहिला! तिच्या बाजूने एक माणूस बोलला नाही. ती तिथून घरी आली.

चेष्टा तर रोजचीच. "वयनी, कोयतो जरा हलव गो, आमका पण उजेड बघूंदे." मालवणी माणूस चेष्टेशिवाय जगत नाही, मीही त्यातलाच, पण प्रत्येक चेष्टेला ती पूर्वी उलट टोला द्यायची. आता देईना. शनिवारी तिने उजेडाचंही विचारणं सोडलं.

मी कार्यालयाला पत्रं लिहायला घेतली. पहिल्यात हेलकाव्यांचा आकार काढून दाखवला. उत्तर नाही. दुसऱ्यात जीपचा आलेख जोडला. उत्तर नाही. तिसऱ्यात लिहिलं की चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही पद्धत विज्ञानाची नव्हे. त्याला मात्र चार दिवसांत उत्तर आलं, भाषा संयत ठेवावी म्हणून, आणि शेवटी, "आपल्याच वहीतील नोंद पुरेशी स्पष्ट आहे."

आपल्याच वहीतील! मी म्हटलं, थांबा. आता पुरावा असा देतो की तोंड उघडायला जागा उरणार नाही. दूरदूरच्या वेधशाळांचे आलेख हल्ली इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. मी अलास्कातलं एक ठिकाण काढलं. तोच दिवस, यंत्राची तीच वेळ. अकरा चाळीसला तिथली रेघ कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. तिथे आकाश भडकलं त्याच मिनिटाला आमच्या काजूच्या बागेत थरथर. मी टेबलावर हात आपटला. दोन्ही आलेख छापले, एकाखाली एक ठेवले, आणि पत्रात नोंदीचा पान क्रमांक लिहायचा म्हणून वही उघडली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्या दिवसाच्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिलं होतं, "गवत काढणे, ११ ते १२". आणि त्याच्या आधी, माझ्याच अक्षरात, एक आडवी रेघ मारून खोडलेलं, "५.३० ते ६.३०".

मी खुर्चीत बसून राहिलो. सगळा फोन जसाच्या तसा आठवला. वयनी म्हणाली होती, "सर, गवत काढलंय, साडेपाच ते साडेसा." मी आपला लिहून गेलो, मग थबकलो. पहाटे साडेपाचला गवत? मी विचारलं, कुठलं घड्याळ? ती म्हणाली, "तुमच्या यंत्राचा. मीच वजा केलंय." तिच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती, आता कळतं. मी हसलो. म्हटलं, तू आपली तुझ्या घड्याळातली वेळ सांग, वजाबाकी माझ्यावर सोड. ती म्हणाली, अकरा ते बारा. मी तिचे आकडे खोडले, अकरा ते बारा लिहिलं, आणि वजाबाकी करायची राहून गेली. दारात कुणी आलं होतं की कुकरची शिट्टी झाली होती, देव जाणे. कारण शोधून काय करू?

तिचं उत्तर बरोबर होतं. मी, विज्ञानाचा मास्तर, बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलं होतं. गवत सकाळी काढलं. थरथर आली ती आपल्या संध्याकाळी पाच दहाला, तेव्हा गडग्याच्या आत चिटपाखरू नव्हतं. साहेबाने वही आणि यंत्र एकाच घड्याळावर धरून पाहिलं, नियमाप्रमाणे. कोयता त्याने मनाने घातला, आणि त्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही. पण ती जागा त्याला मी करून दिली होती. दोन महिने मी ज्याच्यावर तोंड टाकत होतो त्याचा गुन्हा आणि माझा गुन्हा एकच होता. तिने सांगितलेलं खरं असू शकतं, हे दोघांनाही सुचलं नाही.

मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. ती घरापुढच्या खळ्यात सुपारी सोलत होती. मी पान उघडून समोर धरलं. तिने खोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"ह्या मी सांगलंलंय ताच ना?"

"होय."

"मगे खोडलास कित्याक?"

मला वाटलं तुला वजाबाकी जमली नसेल, हे वाक्य मी मोठ्याने बोललो. बोलायलाच हवं होतं.  ती सुपारीची साल झटकून म्हणाली, "माका सांगून काय करतास? जंय त्येंनी सांगल्यानी, थंय सांगा."

सप्ताहाचा हिशेब-बिशेब झाल्यावर सभामंडपात पुन्हा बैठक होती. मी उभा राहिलो. आणि काय सांगू, मला माझंच आश्चर्य वाटतं. मी कार्यालयावर घसरलो. जीप, किल्ल्या, हेलकावे, अलास्का, उत्तर न आलेली पत्रं. एकही गोष्ट खोटी नव्हती. लोक माना डोलवत होते, "होय तर", "असेच असतत ते" म्हणत होते. मला जोर चढला. दहा मिनिटं झाली असतील. तेवढ्यात बायकांमधून वयनीचा आवाज आला, शांत.

"सर, ता झाला. आता खोडल्याचा सांगा."

 मी वही उघडली, पान सगळ्यांकडे फिरवलं, आणि सांगितलं. तिने वेळ बरोबर सांगितली होती. मी विश्वास ठेवला नाही. मी खोडली. कोयता कधी आत गेलाच नाही, गवत हाताने उपटलं होतं. ज्या चुलतभावाने बांधावर तिला खोटं ठरवलं तो खांबाला टेकून बसला होता. त्याने मान खाली घातली, पण तोंडाने काही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं. म्हातारे मानकरी वयनीकडे वळून म्हणाले, "बाय, तुझो शब्द खरो." त्यावर दोघा-चौघांनी होकार दिला.

कार्यालयाला मी चूक कळवली होती. तो तास अभिलेखात परत घेतला गेला, तसं दोन ओळींचं पत्र आलं, निरीक्षकाने, म्हणजे मी, वेळेची दुरुस्ती कळवल्यावरून. बाईबद्दल त्यात एक अक्षर नाही. लोखंडी अवजाराचं वाक्य जिथे होतं तिथेच. ते काढा म्हणून मी पुन्हा लिहिलं, तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात पत्र आलं की अहवाल एकदा दाखल झाला की बदलत नाही. थरथर परत घेता येते, बाईचा शब्द परत घेता येत नाही, अशी त्यांची पद्धत आहे.

हे पत्र मी वयनीला वाचून दाखवलं आणि विचारलं, पाऊस संपत आलाय, गवत पुन्हा वाढलंय, सोमवारपासून येशील ना? तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मी राग सोसला असता.

"हयसरल्यांका कळला, ता बरा झाला. पण त्या कागदात अजून कोयतो माझ्याच हातात आसा ना?"

"आसा," मी म्हटलं.

"आणि उद्या परत उजेड पडलो, ता परत हालला, तर ते पयलो खंयचो कागद उघडतले?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही माहीत होतं, म्हणून ती माझ्या तोंडून ते ऐकायला थांबली नाही.